बंब आणि बॅटरी

"बॅटरीवर पानी तापवलं तं रातच्याले दिवा कायच्यावर लावसान बापा?"

चिखलदऱ्याच्या पायथ्याशी ज्यांच्या शेतात आमची कॅम्पर व्हॅन (राहण्याची सोय असलेली गाडी) उभी आहे, त्या आजींनी आज सकाळी हे विचारले आणि तो प्रश्न दिवसभर मनातून गेला नाही.

१५ लिटर पाणी २० अंशांवरून ४० अंशांवर न्यायला सुमारे ०.३५ युनिट वीज लागते; म्हणजे १२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरच्या बॅटरीतील जवळजवळ तीस टक्के साठा एका बादलीत संपतो, आणि दोघांच्या आंघोळीनंतर पंखा, दिवे व फोन यांच्यासाठी निम्म्याहून कमी उरतो. आजींचा तांब्याचा बंब मात्र कापूस वेचून झाल्यावर उपटलेल्या पऱ्हाट्यांवर तापतो. त्याचा धूर डोळ्यांना चांगला नाही, हेही खरे.

बॅटरी भरणारे सौर पॅनल उन्हाचा साधारण पाचवा हिस्साच विजेत बदलते, तर छतावरची काळी टाकी त्याहून बराच मोठा हिस्सा ऊब म्हणून थेट पाण्याला देते. म्हणून वीज दिव्यांसाठी राखावी, असे मला मनापासून वाटते.

विदर्भात दुपारचे ऊन मुबलक असताना, प्रवासात तरी आंघोळ सकाळऐवजी संध्याकाळी करायला काय हरकत आहे?