आंडोर

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत पाठवा, असा समितीचा निरोप इथे अमेरिकेत, अ‍ॅरिझोना राज्यातल्या टूसॉनला रात्री साडेअकराला आला आणि झोप उडाली. शाळेबद्दल लिहायला बसलो खरा, पण दर वाक्याला पुण्याच्या बाईच आडव्या येतात. तेव्हा त्यांच्याबद्दलच लिहितो. मैदान, स्नेहसंमेलन, घंटेचा रूळ यांवर बाकीचे लिहितीलच.

सहावी ब, पत्र्याच्या शेडमधला वर्ग. निबंधाचा विषय ‘पहिला पाऊस’. मी आमच्या खानदेशी अहिराणी बोलीचे शब्द घालून लिहिलं होतं, ‘पाणी ई ऱ्हायनं म्हणून माय आंडोरला हाका मारत होती.’ (‘ई ऱ्हायनं’ म्हणजे येतंय.) आदल्या वर्षी असल्याच वाक्यावर छडी खाल्ली होती (कुणाची ते जाऊ द्या), तरी हात वळला तो तिकडेच. बाई वही घेऊन मोठ्याने वाचू लागल्या आणि अडल्या. ‘राहायनं?’ वर्ग खिदळला. ‘रायनं?’ पुन्हा हशा. मग मला पुढे बोलावलं. ‘तू म्हण, मी तुझ्यामागून म्हणते.’ चौथ्या खेपेला जमलं तेव्हा त्याच सगळ्यांत मोठ्याने हसल्या. माझ्या हातात खडू दिला. मी फळ्यावर ‘आंडोर’ लिहिलं, शेजारी त्यांनी ‘मुलगा’. चूक म्हणून एकालाही फुली नाही.

पुढे जुन्या हजेरीपटाच्या कोऱ्या पानांवर आमचे अहिराणी शब्द जमू लागले. आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, गाणी घरून उतरवून आणायची. मागच्या बाकावरची, वर्षभर तोंड न उघडणारी पोरं ‘मन्हा शब्द पहिला’ म्हणून भांडायची. आणि गंमत म्हणजे त्याच पोरांची प्रमाण मराठीही सुधारली.

हे आता आठवायला कारण आहे. मी इथे गणित शिकवतो. वर्गात बरीच पोरं मेक्सिकन वंशाची. काही जण अभिमानाने स्वतःला चिकानो म्हणवतात. शाळेत स्पॅनिश बोलल्याबद्दल मार खाल्लेले आजी-आजोबा त्यांच्याही घरी आहेत. १९६८ च्या मार्चमध्ये पूर्व लॉस एंजेलिसची हजारो मुलं वर्ग सोडून बाहेर पडली ती याच रागातून. आमचा इतिहास शिकवा, आमच्या भाषेसाठी शिक्षा नको, या त्यांच्या मागण्या. लिंकन हायस्कूलचे साल कास्त्रो हे मास्तर मुलांच्या बाजूने उभे राहिले आणि त्यापायी अटकेत गेले.

टूसॉनच्या सरकारी शाळांत १९९८ पासून मेक्सिकन-अमेरिकन अभ्यासाचा कार्यक्रम होता. २०१० मध्ये राज्याने कायदा केला की, एखाद्या वंशाबद्दल चीड निर्माण करणारे वर्ग चालणार नाहीत, आणि जानेवारी २०१२ मध्ये ते वर्ग बंद पडले. (‘आंडोर’ फळ्यावर आला म्हणून आमच्यात कुणाला मराठीची चीड आली नव्हती.) पुढे २०१४ मध्ये अ‍ॅरिझोना विद्यापीठाच्या संशोधकांनी आकडे तपासले. या वर्गांत आलेली मुलं आधी अभ्यासात मागेच होती, तरी राज्याच्या परीक्षा पास होण्याचं आणि बारावी पूर्ण करण्याचं त्यांचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त निघालं. २०१७ मध्ये न्यायालयानेही म्हटलं, की बंदीमागे वांशिक आकस होता. हे वाचलं तेव्हा बाईंना फोन करावा असं फार वाटलं. केला नाही. त्या गेल्याचं वर्षभराने कळलं.

आता आपल्या शाळेत सेमी इंग्रजी आहे, पत्र्याच्या शेडच्या जागी दुमजली इमारत आहे, असं ऐकतो. चांगलंच आहे. मागच्या सुट्टीत भाच्याला विचारलं, ‘कोठे जाई ऱ्हायना?’ तो माझ्याकडे बघतच राहिला.

समितीला एकच विनंती. प्रयोगशाळेच्या मागच्या कपाटात जुने हजेरीपट असतील, तर आमच्या सहावी ब चा शोधा. पहिल्याच पानावर ‘आंडोर’ आहे, माझ्या वेड्यावाकड्या अक्षरात. फोटो काढून पाठवाल?