सरकती बेटं आणि आमचं चाकावरचं घर

कुत्र्यांना फेरीबोट कळत नाही. गाडी छान कळते, हलतेय म्हणजे कुठेतरी चाललोय आणि थांबली की उतरून शू करायची. पण गाडी बंद आहे, बाबाने चावीसुद्धा काढून ठेवलीये आणि तरी खिडकीबाहेरचं सगळं सरकतंय, हे आमच्या बुंदीच्या डोक्यात काही केल्या बसत नाही. हॅटरस बेट ते ओक्राकोक बेट हा तासाभराचा प्रवास ती चारही पायांवर उभी राहून करते, जणू तिने लक्ष नाही ठेवलं तर बोट बुडेल. चिवडा डॅशुंड आहे, त्याला तसंही जमिनीपासून फार वरचं काही दिसत नाही, त्यामुळे तो टेबलाखाली निवांत घोरतो.

तर, आऊटर बँक्स. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनाच्या किनाऱ्यापुढे वाळूच्या लांबलचक चिंचोळ्या बेटांची रांग आहे, एका हाताला अटलांटिक, दुसऱ्या हाताला पाम्लिको साऊंड नावाची अवाढव्य पण उथळ खाडी, आणि मधून एनसी १२ हा एकच रस्ता. आरव्हीत, म्हणजे या चाकावरच्या घरात, आपण उंचावर बसतो ना, त्यामुळे काही ठिकाणी दोन्हीकडचं पाणी एकदम दिसतं आणि मग नवऱ्याचं सुरू होतं, "अगं इकडे बघ, आता तिकडे बघ," अरे तू समोर बघ ना बाबा, वारा केवढा सुटलाय! चोवीस फुटी डबा त्या वाऱ्यात डुलायला लागला की स्टिअरिंग धरणाऱ्यापेक्षा शेजारी बसणाऱ्याचेच हात जास्त दुखतात. राईट बंधूंनी १९०३ मध्ये विमान उडवायला हीच बेटं का निवडली ते इथे गाडी चालवताना नीट समजतं.

आमच्या आईला हा आरव्ही प्रकार मुळीच पटत नाही. दोघं कमावता, हॉटेल परवडत नाही का, घर सोडून बाहेर पडायचं आणि परत घरच घेऊन फिरायचं, भांडीपण तुम्हीच घासायची, मग सुट्टी कसली ती. (भांड्यांबद्दल तिचं बरोबर आहे. संडासाची टाकी रिकामी करायला नवरा रबरी हातमोजे घालून जातो हे तर मी तिला अजून सांगितलेलंच नाही.) पण मला विचाराल तर या बेटांवर चाकावरचं घर हेच सगळ्यात शहाणपणाचं घर आहे, कारण इथे जागच्या जागी राहणारं असं फारसं काही नाहीच.

हॅटरसचं दीपगृह घ्या. काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचं, विटांचं, जवळजवळ दोनशे फूट उंच. १८७० मध्ये बांधलं तेव्हा समुद्र दीड हजार फूट लांब होता. तो खात खात इतका जवळ आला की १९९९ मध्ये ते ४,८०० टनांचं धूड जॅकवर उचलून, रुळांवरून २,९०० फूट आत सरकवलं. तेवीस दिवस लागले. आम्हाला साधा फ्रीज सरकवताना फरशी फुटेल का ही भीती असते!

यात समुद्राचा दोष आहे असंही नाही. ही बेटं म्हणजे नुसती वाळू. वादळात लाटा ती समुद्राच्या बाजूने उचलतात आणि बेटावरून पलीकडे खाडीच्या बाजूला नेऊन टाकतात, म्हणजे इकडची पुळण कमी होते, तिकडे भर पडते आणि अख्खं बेट हळूहळू मुख्य जमिनीकडे सरकतं. सरकू दिलं तर काहीच अडचण नाही. अडचण कधी, तर त्यावर डांबरी रस्ता आणि समुद्र दिसणारी घरं बांधली की. हॅटरस बेटावरच्या रोडँथे गावाला रस्ता इतक्या वेळा वाळूखाली गेला की शेवटी २०२२ मध्ये खाडीतूनच अडीच मैलांचा पूल वळवून काढला, रस्त्यानेच बेट सोडलं म्हणा ना. आणि तिथली खांबांवरची घरं, २०२० पासून डझनावर घरं समुद्रात पडलीत. एका घराच्या जिन्याखालून भरतीचं पाणी येतजात होतं आणि वरती गॅलरीत कुणीतरी झाडांच्या कुंड्या टांगलेल्या. आमच्या घराला निदान हँडब्रेक काढता येतो.

आणि ही हॅटरस-ओक्राकोक फेरीबोट तरी का आहे, तर १८४६ च्या एका वादळामुळे. त्याने हॅटरस आणि ओक्राकोकच्या मधली वाळू फोडून समुद्राला वाट करून दिली. पुढे त्या वाटेतही गाळ साचला, म्हणून आता बोट लांबचा वळसा घेऊन जाते, पूर्वी चाळीस मिनिटं लागायची तिथे तास लागतो. पण फुकट आहे! बुकिंग नाही, जो पहिला येईल तो पहिला जाईल, त्यामुळे उन्हाळ्यात भली मोठी रांग. या रांगेत कुत्र्यांमुळे जेवढ्या ओळखी होतात तेवढ्या माझ्या ऑफिसात इतक्या वर्षांत झाल्या नाहीत. माणसं स्वतःचं नाव सांगत नाहीत पण कुत्र्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन कुठे केलं ते सविस्तर सांगतात. आपला नंबर आला की बोटीवरचा माणूस हाताने पुढे पुढे अशा खुणा करतो आणि शेजारच्या ट्रकच्या आरशाला आपला आरसा लागेल अशा बेताने उभं करतो, मग दार अर्धंच उघडतं. त्याआधी आम्ही गॅसचा कॉक बंद करतो, म्हणजे गॅसवर चालणारा फ्रीजही बंद, म्हणजे मी मनातल्या मनात श्रीखंडाची काळजी करायला लागते. आणि मागे सीगल लागलेले असतात, त्यांच्यावर बुंदी अशी भुंकते की लोक फोन काढून शूटिंग करतात.

ओक्राकोकला उतरलं की तेरा मैल नुसता रस्ता, घर नाही दुकान नाही, आणि मग शेवटी आठशेच्या आसपास वस्तीचं गाव. १७१८ मध्ये ब्लॅकबिअर्ड हा समुद्री चाचा इथेच मारला गेला, त्यामुळे टीशर्टपासून मगपर्यंत सगळीकडे तोच. मला त्याच्यापेक्षा डासांचा धसका जास्त आहे. कॅम्पग्राऊंड वाळूच्या टेकड्यांच्या आड, विजेचं कनेक्शन नाही, रात्री खिडकी उघडावी तर डास आणि लावावी तर ओल्या कुत्र्यांचा वास, या दोन्हींतून निवडायचं असतं. आम्ही वास निवडतो. किनाऱ्यावर कुत्र्यांना बंदी नाही, पण पट्टा सहा फुटांपेक्षा लांब चालत नाही आणि पक्ष्यांच्या घरट्यांसाठी दोऱ्या बांधलेल्या भागात जायचं नाही. ते ठीकच आहे, उघड्या वाळूवर अंडी घालणाऱ्या त्या चिमुकल्या पक्ष्यांना बुंदी म्हणजे वाघ. खरा त्रास सँडस्परचा, आपल्या सराट्यासारखी काटेरी बोंडं असतात, गवतातून चालला की चिवडा तीन पायांवर उभा राहून चौथा माझ्यासमोर धरतो, नर्सने इंजेक्शन काढावं तशा शांतपणे आपण उपटायचं आणि पुढच्या पावलाला परत तेच.

पुढे सीडर आयलंडची बोट सव्वादोन तासांची, तिला पैसे पडतात आणि बुकिंगही करून ठेवलेलं बरं. भाडं गाडीच्या लांबीवर, आणि मागे लावलेला सायकलचा स्टँडपण त्या लांबीत धरतात, यावर नवऱ्याने सायकली काढून आत पलंगावर ठेवायचा प्रस्ताव मांडला होता. मी म्हटलं मग कुत्री कुठे झोपणार, तर म्हणे आपण कुठे झोपणार ते आधी ठरव. आता त्याला कोअर बँक्स खुणावतंय, केप लुकआऊटकडचं, तिथे पूल नाही, डांबरी रस्ता नाही, वाळूवर चालणारी फोरव्हील गाडी छोट्या बोटीतून न्यावी लागते आणि आरव्ही अलीकडेच ठेवायची. म्हणजे तंबू. आईला हे कसं सांगायचं यावर आमची चर्चा चालू आहे.