पाडव्याच्या पहाटेचा गुळाचा चहा : माझा अनुभव

"ताई, तुमचं दूधच खराब असणार."

गुळाच्या दुकानातल्या माणसाचं हे वाक्य दिवाळी होऊन गेली तरी माझ्या डोक्यातून जात नाही. पाडव्याचा चहा शेवटी उत्तम झाला. सोसायटीतल्या ऐंशी माणसांनी तो प्यायला, कित्येकांनी दुसऱ्यांदा मागून घेतला. तरीही ते वाक्य आठवलं की आजसुद्धा चिडचिड होते. दूध खराब नव्हतं, चहा फाटत होता तो गुळामुळे. ते सिद्ध करण्यात माझे ऐन दिवाळीतले चार दिवस गेले, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. यंदा कुणी मोठ्या पातेल्यात गुळाचा मसाला चहा करणार असेल, तर त्याचे तरी चार दिवस वाचावेत.

गोष्ट २०२४ च्या दिवाळीची. आम्ही पुण्यात राहतो. आमच्या सोसायटीत पाडव्याला पहाटे पार्किंगमध्ये सतरंज्या घालून गाणी होतात, गाणारे सगळे आमच्यातलेच. मग चहा आणि फराळ. चहा दरवर्षी बाहेरून यायचा, पातळ आणि नुसता गोड. त्या पहाटेला असला चहा शोभत नाही असं मला नेहमी वाटायचं. माझं माहेर कोल्हापूरचं. घरी थंडी सुरू झाली की आई सुंठ, वेलदोडा घालून गुळाचा चहा करायची. तसाच करू, असं मी मीटिंगमध्ये सांगून बसले.

वसुबारसेच्या आदल्या दिवशी, रविवारी, दहा कपांचा करून पाहिला. पाणी, आलं, गवती चहा, मसाला, गूळ, चहा पावडर, सगळं उकळलं. वास इतका छान सुटला की लेक अभ्यास सोडून स्वयंपाकघरात आली. मग दूध ओतलं. मिनिटभर रंग अगदी हवा तसा होता. मग कडेला बारीक कण दिसायला लागले आणि बघता बघता चोथा वेगळा, पाणी वेगळं.

सासूबाई म्हणाल्या, "अगं, गॅस बंद करून मग गूळ घालायचा असतो." तसं केलं. या वेळी पातेल्यात टिकला, पण कपात ओतल्यावर दोन मिनिटांत फाटला. शेजारच्या काकूंनी सांगितलं, दूध आधी खळखळून उकळ. तेही केलं. फाटलाच. एका मैत्रिणीने फोनवर चिमूटभर खाण्याचा सोडा सुचवला. सोड्याने फाटला नाही हे खरं, पण चहा काळपट तपकिरी झाला आणि जिभेवर साबणासारखी चव राहिली. असला चहा मी पाडव्याला कुणापुढे ठेवणार नव्हते. (सोड्याचा सल्ला सगळीकडे मिळतो. कृपया ऐकू नका.)

सोमवारी ज्या दुकानातून ढेप आणली होती तिथे गेले. दुकानाचं नाव लिहीत नाही. ढेपेवर "कोल्हापुरी" असा कागद चिकटवलेला, रंग पिवळाधमक. मालक पावती बघून म्हणाले, "ताई, तुमचं दूधच खराब असणार."

मंगळवारी, धनत्रयोदशीच्या गर्दीत, डेअरीत गेले. डेअरीवाले म्हणाले, "वहिनी, याच दुधाची लोक बासुंदी करतायत. गूळ बघा तुमचा."

घरी येऊन मी नीट पद्धतशीर करून पाहिलं. नुसतं दूध उकळलं, काही झालं नाही. त्याच दुधाचा साखरेचा चहा केला, आलं, गवती चहा, मसाला सगळं घालून, काही झालं नाही. मग अर्धा कप गरम दुधात सुपारीएवढा गुळाचा खडा टाकला. तीन मिनिटांत दूध फाटलं. याहून सरळ पुरावा काय असतो?

बुधवारी दोन डबे घेऊन पुन्हा दुकानात गेले. एकात चांगलं दूध, दुसऱ्यात फाटलेलं. मालकांनी डब्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. "आलं घातलं असेल." आलं नाही घातलं, हे नुसतं दूध आणि गूळ आहे, म्हटलं. "सगळे नेतात, तुमचीच एकटीची तक्रार आहे. विकलेला गूळ परत घेत नाही." मला परत द्यायचाच नव्हता. दुकानाच्या मागच्या बाजूला त्यांचाच चहा शेगडीवर उकळत होता. त्यात एक खडा टाकून बघा, एवढीच माझी विनंती होती. दोन मिनिटांचं काम. ते त्यांनी केलं नाही, आणि मागे रांगेतल्या बाई म्हणाल्या, "जाऊ द्या हो, सणासुदीला कशाला?" घरी चकलीची भाजणी तशीच पडलेली, करंज्यांचं सारण तयार, आणि मी रस्त्यावर दोन डबे घेऊन उभी. तेव्हा मला रडू आलं होतं.

त्या रात्री कोल्हापूरच्या मामांना फोन केला. मामांच्या घरी पूर्वी गुऱ्हाळ होतं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "ढेप कधीची?" मला काय माहीत? मग त्यांनी जे सांगितलं ते कुठल्याच पाककृतीत मी वाचलं नव्हतं.

कोल्हापूरच्या बाजार समितीत दिवाळी पाडव्याच्या मुहूर्तावर नव्या गुळाचे सौदे निघतात. गुऱ्हाळं त्याच सुमाराला पेटतात. म्हणजे दिवाळीच्या आठवड्यात दुकानात असतो तो बहुतेक गेल्या हंगामातला गूळ. "त्यानं अख्खा पावसाळा खाल्लाय, बाळ," मामा म्हणाले. गूळ हवेतलं पाणी ओढून घेतो, ओला होतो, आत हळूहळू आंबतो. वरून कळत नाही. मुळात उसाचा रसच थोडा आंबट असतो, म्हणून काहिलीत, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईत, चुन्याची निवळी घालतात. शिवाय भेंडीच्या चिकाने मळी काढतात. निवळीचं प्रमाण हुकलं किंवा ऊस तोडून दोन दिवस पडून राहिला, तर गूळ नवा असूनही आंबट निघतो. आणि पिवळाधमक रंग? तो पुष्कळदा हायड्रॉस पावडरचा, म्हणजे रंग उजळवणाऱ्या रसायनाचा असतो. "चांगला गूळ एवढा पिवळा नसतो. आपल्या गुळाला २०१४ ला भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालं, तेव्हापासून जो तो कोल्हापुरी म्हणून कागद चिकटवतो."

लेक तेव्हा नववीत होती. तिच्याकडे प्रयोगवहीसाठी आणलेल्या पीएच, म्हणजे आंबटपणा मोजायच्या पट्ट्या होत्या. आकडा जितका कमी, तितका आंबटपणा जास्त. गूळ पाण्यात विरघळवून तिने पट्टी बुडवली, रंग ५ च्या घरात आला. दुधाचा पीएच साधारण ६.६ ते ६.७ असतो. दुधातल्या प्रथिनांचे कण एकमेकांना दूर ढकलत असतात, म्हणून ते दुधात तरंगत राहतात. आंबटपणा वाढला की ते ढकलणं कमी होतं आणि कण एकत्र येऊन गोळे होतात. थंड दुधाला बराच आंबटपणा सोसतो, उकळत्या दुधाला थोडासाही पुरतो. म्हणून तोच गूळ थंड दुधात गप्प बसतो आणि चहात घात करतो. सासूबाईंचा गॅस बंद करायचा सल्लाही याच कारणाने अर्धा बरोबर होता.

आल्याबद्दलही सांगते, कारण दुकानदाराने तो आळ घेतला. कच्च्या आल्यात प्रथिनं तोडणारा पाचक घटक असतो, त्यामुळे कोमट दुधात किसलेलं आलं घातलं तर दूध खरंच फाटू शकतं. पण आलं आधी पाण्यात पाच-सात मिनिटं उकळलं की तो घटक निकामी होतो. माझं आलं दर वेळी आधीच उकळलेलं होतं.

गुरुवारी पहाटे अभ्यंगस्नान, फराळ उरकून तीन वेगळ्या दुकानांतून पाव-पाव किलो गूळ आणला. प्रत्येकाचा खडा अर्धा कप उकळत्या दुधात टाकून पाच मिनिटं थांबले. पहिल्याने दूध फाटलं. दुसऱ्याने बारीक कण दिसले. तिसरा गडद तपकिरी, फोडताना कडक, आत बारीक रवा चमकणारा. त्याने काही झालं नाही. पट्टीवरही तो ६ च्या आसपास आला. त्या दुकानातल्या आजोबांना कारण सांगितलं, तर त्यांनी स्वतःहून ढेप फोडून मधला तुकडा चाखायला दिला. जिभेवर आंबट किंवा खारट लागला तर घेऊ नका, म्हणाले. त्यांचे मी मनापासून आभार मानले.

तर गूळ घ्यायला जाताना मधला तुकडा चाखा, घरी आणून दुधात खडा टाकून बघा, आणि हे किमान आठवडाभर आधी करा. बाकी सगळं यापुढे सोपं आहे.

मसाला मी दसऱ्यानंतरच करून ठेवला होता. सुंठ ५० ग्रॅम, हिरवे वेलदोडे २५ ग्रॅम, मिरे १५ ग्रॅम, दालचिनी १५ ग्रॅम, लवंग ५ ग्रॅम, जायफळ अर्धं. भाजू नका. ऑक्टोबरचं ऊन कडक असतं, दोन तास उन्हात ठेवलं की पुरतं. सुंठ आधी खलबत्त्यात फोडून घ्या, अख्खी मिक्सरला लावली तर पातं खरखरतं आणि भांडं तापतं. दळून झाल्यावर चाळा, सुंठेचे दोरे वर राहतात, ते चहात आले तर घशाला टोचतात. लवंग वाढवायचा मोह होतो, वाढवू नका, चहाला दंतमंजनाचा वास येतो. दालचिनी पातळ सालीची, एकात एक गुंडाळलेली घ्या. आपल्या कोकणातही तशी होते. जाड, लाकडासारखी असते ती वेगळी आणि तिखट. बडीशेप मी घालत नाही. घालणारे घालोत, मला त्या वासाने जेवणानंतरचं पान आठवतं. वेलदोडे सालासकट दळले तरी चालतात.

ऐंशी माणसांना अर्धा-अर्धा ग्लास म्हणजे साधारण आठ लिटर चहा. पाणी ४ लिटर, म्हशीचं दूध ५ लिटर, चहा पावडर २०० ग्रॅम, गूळ ९०० ग्रॅम, आलं २०० ग्रॅम, मसाला सपाट चार टेबलस्पून, गवती चहाची वीसेक पाती गाठ मारून. गवती चहा कापून घालू नका, गाळताना तुकडे गाळण्यात अडकतात आणि मागची रांग खोळंबते. चहा पावडर बारीक दाण्याची, सीटीसी. पानांचा चहा इतक्या मसाल्यापुढे टिकत नाही.

चांगला गूळ मिळाला होता, तरी मी धोका पत्करला नाही. दूध एका शेगडीवर, मसाल्याचं पाणी दुसऱ्या. पाण्यात आलं, गवती चहा आणि मसाला दहा मिनिटं, मग चहा पावडर चार मिनिटं. आच बंद करून किसलेला गूळ विरघळवला, गाळलं. मग गाळलेल्या काढ्यात गरम दूध धारेने ओतत ढवळलं. यानंतर पातेलं पुन्हा आचेवर चढवायचं नाही, काही झालं तरी नाही. एक काका "एक उकळी येऊ दे गं" म्हणत शेगडीकडे हात नेत होते, त्यांना मी चक्क थांबवलं. चहाच्या स्टीलच्या टाकीत आधी उकळतं पाणी दहा मिनिटं भरून ठेवलं होतं, त्यामुळे शेवटच्या कपापर्यंत वाफ होती.

पहाटे चार वाजता उठले होते. साडेपाचला पहिलं गाणं सुरू झालं, सहाला पहिला कप भरला. मी टाकीशेजारी उभी राहून दर दहा मिनिटांनी काचेच्या ग्लासात थोडा चहा घेऊन उजेडात धरून बघत होते, कण दिसतात का. दिसले नाहीत. पावणेसातला टाकी रिकामी झाली. तोवर मी स्वतः एक घोटही घेतलेला नव्हता. सासूबाईंनी त्यांच्या ग्लासातला अर्धा मला दिला.

जुन्या दुकानाची ती ढेप टाकली नाही. आमटीला लावली. आमटीत चिंच असतेच, तिथे आंबटपणाने काही बिघडत नाही. पुढे दोन महिने रोज थोडी-थोडी संपत गेली.

भाऊबीजेला मामेभाऊ आला, तेव्हा मामांनी त्याच्याबरोबर शेजारच्या गुऱ्हाळातली नवी ढेप पाठवली होती. अजून थोडी मऊ, काकवीचा वास असलेली. ओवाळून झाल्यावर मी मुद्दाम एकाच पातेल्यात चहा केला. दूध, गूळ, आलं, सगळं एकत्र, दोन उकळ्या काढून. फाटला नाही. भाऊ म्हणाला, "ताई, एवढं वाकून काय बघतेस पातेल्यात?" म्हटलं, बघू दे.