तीन मोटरी, एकच बटण

शनिवार रात्र

मॉडेल रॉकेटचा मोटर माउंट, म्हणजे मोटरी धरून ठेवणारा भाग, नळीत गेला, पण १२ मिलिमीटर अलीकडेच अडकला. आता तो ना पुढे सरकतो, ना मागे येतो. काय झालं ते सविस्तर लिहिते, कारण तीन मोटरींचं किट पहिल्यांदा हातात घेणाऱ्या प्रत्येकाने ही एक पायरी जपायला हवी.

किटची रचना अशी आहे. १८ मिमीच्या मोटरी (दारू ठासलेली छोटी नळकांडी) बसतील अशा तीन कागदी नळ्या एकमेकींना चिकटवायच्या आणि तो जुडगा थेट मुख्य नळीत सरकवायचा. मधे रिंगा वगैरे काही नाहीत. छोट्या नळीचा बाहेरचा व्यास १८.७ मिमी. एकमेकींना टेकलेल्या तीन सारख्या वर्तुळांना वेढणारं सर्वांत लहान वर्तुळ काढलं, तर त्याचा व्यास एका वर्तुळाच्या २.१५५ पट भरतो, म्हणजे इथे ४०.३ मिमी. मुख्य नळीचा आतला व्यास ४०.५ मिमी. फरक फक्त ०.२ मिलिमीटरचा! हे गणित वहीत मांडलं तेव्हा मी खरंच खूश झाले. साठच्या दशकापासून तीन मोटरींची रॉकेटं याच मापाच्या नळीत बनत आली आहेत. कुणाला तरी हे पहिल्यांदा जुळलेलं दिसलं असेल, तेव्हा त्यालाही असंच वाटलं असेल.

पण तोच ०.२ मिमी माझ्या अंगाशी आला. कोरडा जुडगा मी तीन वेळा आत-बाहेर करून पाहिला होता, लोण्यात सुरी जावी तसा जात होता. मग नळीच्या आत पिवळा वुड ग्लू फिरवला, जुडगा ढकलायला सुरुवात केली आणि पकड बदलण्यासाठी क्षणभर थांबले. तीन-चार सेकंद असतील. तेवढ्यात कागदाने ग्लूमधलं पाणी पिऊन घेतलं, फुगला आणि जुडगा जागीच धरला गेला.

सासरे महिनाभरासाठी सांगलीहून आले आहेत. त्यांचं सगळं आयुष्य एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेलं. मी पक्कड शोधायला लागले तर म्हणाले, "अगं, ओढू नकोस. नळी फाटली तर सगळंच गेलं. बारा मिलिमीटर मागे राहिल्याने काय बिघडतं, ते आधी काढ."

"वजन मागे जातं, बाबा."

"किती?"

तो आकडा माझ्याकडे तेव्हा नव्हता. उद्या काढते. तुम्हाला सांगायचं ते एवढंच: घट्ट बसणाऱ्या कागदी नळ्यांसाठी सावकाश आळणारं इपॉक्सी घ्या, बाहेर पेन्सिलीने खूण करा आणि एका दमात ढकला. मधे थांबायचं नाही.

रविवार

आज फटी बुजवल्या. तीन गोल नळ्या मोठ्या गोल नळीत घातल्या की मधोमध एक तिकोनी फट राहते आणि कडेला तीन. त्या उघड्या ठेवल्या तर रॉकेट वर जाईल छान, पण पॅराशूट उघडणार नाही. मोटरीतली मुख्य दारू जळून संपली की काही सेकंद फक्त धूर सोडणारा थर जळतो आणि शेवटी पुढच्या तोंडाला छोटा स्फोट होतो. तो वायू नळीत दाब निर्माण करतो आणि नाक ढकलून पॅराशूट बाहेर काढतो. मागे फटी असतील तर दाब तिकडूनच निघून जातो.

टिश्यू पेपरच्या बारीक वळकट्या करून ग्लूमध्ये भिजवल्या आणि पेन्सिलीच्या मागच्या टोकाने फटींत ठासल्या. वाळल्यावर तपासणीसाठी मागच्या वेळच्या वापरलेल्या मोटरी तिन्ही नळ्यांत घातल्या, त्यांच्या तोंडांना काळी टेप लावली, खोलीत अंधार केला आणि पुढून टॉर्च आत सोडला. एका कडेच्या फटीत सुईच्या टोकाएवढा उजेड दिसला. एवढासाच, पण दिसला. तिथे ग्लूचा आणखी एक थेंब सोडला. ही टॉर्चची तपासणी कुणीही टाळू नये असं मला अगदी मनापासून वाटतं. पाच मिनिटांचं काम आहे.

पंख हलक्या बाल्सा लाकडाचे, तीन. प्रत्येक पंख दोन मोटरींच्या मधल्या रेषेवर लावला. गुण्या बाबांनी धरला, त्यांच्या हाताला अजूनही कंप नाही. लांबी (पुट्टी), पॉलिश पेपर, प्रायमर, पिवळा रंग हे सगळं नेहमीसारखं झालं. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

बुधवार

आता तो आकडा. तिन्ही सी६-५ मोटरी (सी हा ताकदीचा वर्ग, शेवटचा ५ म्हणजे पॅराशूट उघडण्याआधीचा सेकंदांचा विलंब), पॅराशूट, वॅडिंग (पॅराशूट करपू नये म्हणून घालायचा न पेटणारा कागद) सगळं भरून रॉकेट २०६ ग्रॅम भरलं. त्यातले ७२ ग्रॅम नुसत्या मोटरींचे आणि तेही अगदी शेपटीला. एका मोटरीच्या रॉकेटमध्ये जो समतोल आपण गृहीत धरतो तो इथे धरता येत नाही. पट्टीच्या धारेवर तोललं तर गुरुत्वमध्य नाकाच्या टोकापासून ३८५ मिमीवर आला. ओपनरॉकेटमध्ये मॉडेल भरलं तर दाबमध्य, म्हणजे हवेचा जोर जिथे एकवटतो तो बिंदू, ४२०वर. (हा प्रोग्रॅम साम्पो निस्कानेन यांनी फिनलंडमध्ये आपल्या पदव्युत्तर प्रबंधासाठी लिहिला आणि सगळ्यांना मोफत दिला. त्यात मोटरींचा जुडगाही थेट मांडता येतो.) म्हणजे दोन्हींत अंतर ३५ मिमी. रॉकेट सरळ जायला ते निदान नळीच्या बाहेरच्या व्यासाएवढं, ४१.६ मिमी तरी हवं. दिवाळीच्या बाणाला लांब काडी का लागते, त्याचं उत्तर याच अंतरात आहे.

माउंट मागे अडकल्यामुळे गुरुत्वमध्य साधारण ५ मिमी मागे गेला होता. तो बरोबर बसला असता तरी अंतर जेमतेम ४० भरलं असतं. गुरुत्वमध्य पुढे आणायला थोडी मॉडेलिंगची माती नाकात घालावी लागणारच होती, आता थोडी जास्त. ७ ग्रॅम माती नाकाच्या पोकळीत दाबून बसवली. गुरुत्वमध्य ३७४वर आला, अंतर ४६ मिमी झालं.

मग प्रश्न वजनाचा. आता २१३ ग्रॅम झाले. सी६-५ साठी उड्डाणाचं कमाल वजन ११३ ग्रॅम सांगितलेलं आहे. तीन मोटरी म्हटल्यावर मर्यादा ३३९ ग्रॅम असं वाटतं, पण मी ती तशी मोजत नाही. तीनपैकी एक पेटली नाही तर? उरलेल्या दोघींना रॉकेट सुरक्षित उचलता यायला हवं. म्हणजे मर्यादा २२६. आपण २१३वर आहोत. हे तेरा ग्रॅम मला फार मोलाचे वाटतात. म्हणूनच या रॉकेटला उंची मोजणारं यंत्र अजून लावलेलं नाही.

शेवटी गुरुत्वमध्याला दोरा बांधून मागच्या अंगणात गोफणीसारखं गरगर फिरवलं. दुसऱ्याच फेरीत नाक पुढे धरून सरळ फिरायला लागलं. बाबा दारात उभे राहून बघत होते. म्हणाले, "जातंय नीट."

पुढचा शनिवार

आजचा दिवस वायरिंगचा. माझ्या मते जुडग्याचं रॉकेट इथेच जिंकतं किंवा हरतं. तीन मोटरी वर जातात तेव्हा त्या तीन नसतात, एकच असतात, आणि त्यांना एक करणारी गोष्ट म्हणजे पेटण्याचा क्षण.

डेन्व्हरमध्ये राहून हे लिहिताना एक आठवण ठेवावीशी वाटते. १९५० च्या दशकाच्या शेवटी याच शहरात व्हर्न एस्टेस यांनी मॉडेल रॉकेटच्या मोटरी भरणारं स्वयंचलित यंत्र बनवलं. त्याचं नाव मेबल. १९६१ साली त्यांचा कारखाना इथून दक्षिणेला पेनरोज गावी गेला. हाताने ठासलेली प्रत्येक मोटर वेगळी जळते, यंत्राने ठासलेल्या एकसारख्या जळतात. एकसारख्या जळतात म्हणूनच तीन शेजारी शेजारी ठेवायची हिंमत आपण करू शकतो.

मोठ्या रॉकेटांनाही हा प्रश्न सुटलेला नसतो. चंद्रावर माणसं नेणाऱ्या सॅटर्न ५ला जमिनीशी धरून ठेवत, पाचही इंजिनं पूर्ण जोरात आल्याची खात्री झाली की मगच सोडत. घन इंधनाला ती सोय नाही, एकदा पेटलं की निघालं. इस्रोच्या एलव्हीएम३ रॉकेटचे घन इंधनाचे दोन्ही एस२०० बूस्टर म्हणूनच मला प्रत्येक वेळी श्वास रोखून बघावेसे वाटतात. दोघे एकाच क्षणी पेटावेच लागतात. आपल्या टेबलावरची अडचण तीच आहे, फक्त लहान.

इग्नायटर, म्हणजे मोटर पेटवणाऱ्या बारीक तारा, एकामागोमाग एक, म्हणजे सिरीजमध्ये, कधीच जोडायचे नाहीत. पहिला जळाला की सर्किट तुटतं आणि बाकीचे थंड. मी समजावायला लागले तर बाबा हसले. "गणपतीच्या आराशीतली माळ बघितली नाहीस? एक दिवा गेला की सगळी माळ अंधारात." अगदी तेच. तिन्ही समांतर जोडायचे. जाड वायरच्या दोन मुख्य टोकांपासून तीन तीन आखूड शेपट्या काढल्या, प्रत्येकीला अॅलिगेटर क्लिप. लाल तीन, काळ्या तीन.

मग मोटरीशिवाय, नुसते तीन इग्नायटर फरशीवर मांडून चाचणी घेतली आणि फोनने सेकंदाला २४० चौकटींनी चित्रण केलं. चार पेन्सिल सेलच्या नेहमीच्या कंट्रोलरवर एक पेटला, दुसरा नुसता लालसर झाला, तिसऱ्याला काहीच झालं नाही. एवढे सेल तिघांना पुरेल एवढा करंट एकदम देऊ शकत नाहीत. मग यूपीएसमध्ये असते तसली १२ व्होल्टची बॅटरी लावली. तिन्ही एकाच चौकटीत पांढरे! ते चित्रण मी आणि बाबांनी सात-आठ वेळा पाहिलं.

रविवार, पहिलं उड्डाण

शहराच्या उत्तरेला क्लबचं गवताळ मैदान आहे. तीन सी६ मिळून साधारण २६ न्यूटन-सेकंद होतात, म्हणजे ई वर्ग. त्यामुळे ५ ऐवजी ९ मीटर लांब उभं राहायचं आणि मैदानही निदान ३०० मीटरचं हवं. दोन्ही होतं. वारा मंद. रॉकेट जिच्यावरून सरकत वर जातं ती सळई नेहमीची बारीक नको म्हणून जवळपास ५ मिमी जाडीची लावली.

सकाळी आईचा फोन आला होता. तिने नेमकं म्हटलं, "तीन तिगाडा, काम बिगाडा, सांभाळून गं."

बटण दाबलं. दोन पेटल्या.

तिसरी का पेटली नाही ते नंतर कळलं. त्या मोटरीतला इग्नायटर तळापर्यंत पोचलेलाच नव्हता. क्लिप लावताना वायर वळवली तेव्हा प्लॅस्टिकचा बूच थोडा वर सरकला आणि इग्नायटरचं टोक दारूपासून सुटलं. ते तापलं, पण हवेत.

तीनपैकी एक मोटर मेली की जोर रॉकेटच्या आसावर राहत नाही, या मापांत तो ५.४ मिमी बाजूला सरकतो. रॉकेट न पेटलेल्या मोटरीच्या बाजूला कलत गेलं. सळई सुटेपर्यंत सरळ होतं, मग कमान. पण ते तेरा ग्रॅम तिथे कामाला आले. दोघींनी त्याला नेटाने उचललं, पंखांनी सावरलं आणि पाच सेकंदांच्या विलंबानंतर पॅराशूट उघडलं. दोनशे मीटरवर गवतात उतरलं. एका पंखाच्या मुळाशी केसासारखी चीर, बाकी काही नाही.

न पेटलेली मोटर मी पुन्हा वापरली नाही. घरी आणून बादलीत भिजत घातली, सकाळपर्यंत तिचा लगदा झाला.

पुढचा रविवार

पंखाची चीर ग्लूने भरली. इग्नायटर बसवण्याची पद्धत बदलली: आधी इग्नायटर तळाला टेकेपर्यंत घालायचा, बूच घट्ट दाबायचा, मग वायरींवर मास्किंग टेपचा एक तुकडा लावून त्या मोटरीलाच चिकटवायच्या. क्लिप लावताना वायर ओढली गेली तरी ताण टेपवर येतो, इग्नायटरवर नाही. क्लिपांचे दातही पॉलिश पेपरने घासून चकचकीत केले. काळी आणि लाल क्लिप एकमेकींना टेकत नाहीत ना, हे बाबांनी गुडघ्यावर बसून, चष्मा कपाळावर चढवून एकेक करून तपासलं.

उलटी मोजणी झाली. बटण दाबलं.

एका मोटरीचा आवाज 'सुर्र' असा येतो. हा तसा नव्हता. कापड टरकन फाटावं तसा आला आणि सळईवर काहीच उरलं नाही, नुसता धुराचा जाड खांब आणि दिवाळीच्या पहाटेचा तो वास. पिवळा ठिपका सरळ वर, अगदी ओळंबा लावल्यासारखा. मी मोजत होते: धूर, मग सहा, सात, आणि लाल-पांढरं पॅराशूट. बाबा टाळ्या वाजवत होते. मला रडू आलं, ते इथे लिहायला काहीच हरकत नाही.

घरी येऊन चित्रण चौकटी-चौकटीने पाहिलं. एका चौकटीत शेपटीला काहीच नाही, पुढच्या चौकटीत तिन्ही तोंडांशी ठिणगी. तीन मोटरी बाहेर काढून टेबलावर मांडल्या, तिघींची तोंडं सारखी काळी.

शॉक कॉर्डचं (नाक आणि नळी जोडून ठेवणाऱ्या दोरीचं) इलॅस्टिक मात्र माउंटजवळ एका जागी करपून कडक झालंय. तीन स्फोट एकदम झाले की तिथली उष्णताही तिप्पट, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. खालचा वीतभर भाग केव्लारचा, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या धाग्याचा, करणार आहे आणि वॅडिंग दोन पानं जास्त. उन्हाळ्यात गवत वाळलं की आगीच्या धोक्यामुळे इथे उड्डाणांवर बंदी येते, आणि बाबांचं परतीचं विमान वीस तारखेला आहे. त्याआधी एक रविवार हाताशी आहे. बटण ते दाबणार आहेत.