नऊच माणसांचं रान

आम्ही अकराजण होतो आणि तिथेच घोडं अडलं.

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या उत्तर टोकाला, कॅनडाच्या हद्दीला लागून, बाउंड्री वॉटर्स नावाचं रान आहे. दहा लाख एकरांहून मोठं, हजारावर तळी, आत दुकान नाही की हॉटेल नाही. 1964 च्या कायद्याने राखलेल्या रानांपैकी हे एक. नियम असा की एका तुकडीत फार तर 9 माणसं आणि 4 नावा. त्याहून जास्त माणसं कुठेच एकत्र यायची नाहीत, पाण्यावरसुद्धा. आमची मंडळी चिडलीच. आपल्याकडे चहाला बोलावलं तरी पंधराजण येतात! शेवटी सात आणि चार अशी फूट पडली. मे ते सप्टेंबर परवाने मोजूनमापून देतात, त्यामुळे चौघांना आत शिरायला दुसरंच तळं मिळालं.

काचेच्या बरण्या न्यायला बंदी. म्हणून आईचं लोणचं प्लास्टिकच्या डब्यात भरलं आणि गडबडीत तो डबा चौघांच्या सामानात गेला.

एका तळ्यावरून दुसऱ्यावर जायचं तर नाव खांद्यावर घेऊन चालायचं. ही वाट ‘रॉड’मध्ये मोजतात. एक रॉड साडेसोळा फूट, म्हणजे साधारण नावेएवढाच. नकाशावर 80 रॉड किरकोळ दिसतात. दोन्ही हात नावेला आणि डास नाकात, अशा अवस्थेत ते चारशे मीटर संपता संपत नाहीत. हरिश्चंद्रगडावर निदान पिठलं-भाकरी तरी मिळते.

पहिल्या रात्री लून पक्षी ओरडला तेव्हा लेक घाबरून मला बिलगली. दुसऱ्या रात्री तीच म्हणाली, “बाबा, गप्प बस ना, ऐकू दे.”

ही शांतता भांडून मिळालेली आहे. 1978 च्या कायद्याने बहुतेक तळ्यांवर मोटारबोटी बंद झाल्या. त्याआधी 1977 मध्ये, जवळच्या ईली गावात, रानाची बाजू घेणाऱ्या सिगर्ड ओल्सन यांचा पुतळा लोकांनी फासावर लटकवला होता. ओल्सन त्याच गावचे! ज्यांच्या पोटावर पाय येणार होता त्यांचा राग मला खोटा वाटत नाही. मी तीन दिवसांचा पाहुणा, माझं काय जातं? तरी कौल मागितलात तर तो ओल्सन यांनाच.

तिसऱ्या दिवशी तळ्याच्या पलीकडच्या काठाला दोन नावा दिसल्या. आमचेच चौघे. जवळ जायची सोय नव्हती. आम्ही वल्ही उंच धरली, त्यांनीही धरली. मग पाण्यावरून स्पष्ट मराठी आलं, “लोणचं संपलं रे!”