मेस्डाखचा पॅनोरमा आणि त्याच किनाऱ्यावर आमचं ३६० शूट : हेगचा वृत्तांत

मे महिन्यात चार दिवस नेदरलँड्समधल्या हेगला जाऊन आलो, त्याचा वृत्तांत लिहितोय. शहर बघायला गेलो नव्हतो, आम्ही चौघं पॅनोरमावाले गेलो होतो एकच गोष्ट बघायला, पॅनोरमा मेस्डाख, म्हणजे बघणाऱ्याच्या चहूबाजूंनी गोल फिरणारं भलं मोठं चित्र. आणि मग ट्राम पकडून हेगच्याच स्खेवेनिंगेनच्या किनाऱ्यावर, कारण त्या चित्रात जे दिसतं ते तिथलंच आहे. ज्यांना कॅमेरा गोल फिरवून फोटो जोडायचा नाद आहे त्यांच्यासाठी सविस्तर लिहितो, बाकीच्यांनी शूटिंगचे परिच्छेद सोडून वाचलं तरी चालेल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पॅनोरमा हा शब्द फोटोग्राफीच्या आधीचा आहे. रॉबर्ट बार्कर नावाच्या चित्रकाराने एडिंबरोमध्ये गोल चित्राची कल्पना काढली, १७८७ ला पेटंट घेतलं, आणि १७९३ ला लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमध्ये फक्त अशी चित्रं दाखवायला गोल इमारत उभी राहिली. पुढे शंभर वर्षं युरोपभर याची लाट होती. बहुतेक चित्रं फाटली, जळली, हरवली, थोडीच उरली. हेगचं चित्र १८८१ चं आहे आणि ज्या इमारतीसाठी काढलं त्याच इमारतीत अजून आहे. हेन्ड्रिक विलेम मेस्डाख हा समुद्राची चित्रं काढणारा माणूस, त्याला एका बेल्जियन कंपनीने हे काम दिलं. त्याने बायको सिन्चे, ब्राइटनर, द बॉक, ब्लॉमर्स असे चित्रकार सोबत घेऊन ते केलं. कंपनी १८८६ ला बुडाली तेव्हा मेस्डाखने स्वतःच ते विकत घेतलं, म्हणून आज आपल्याला बघायला मिळतंय. साधारण १४ मीटर उंच आणि गोल मोजलं तर १२० मीटर.

आत गेल्यावर आधी काळोखी वाट आहे, मग गोल जिना, आणि वर आलात की एकदम उजेड. तुम्ही वाळूच्या टेकडीवर एका लाकडी मंडपात उभे असता आणि चहूबाजूंनी किनारा. डोक्यावरच्या छतामुळे कॅनव्हासची वरची कड दिसत नाही, खाली खरी वाळू टाकलीय, त्यावर वस्तू पडल्यात, त्यामुळे खालची कडही दिसत नाही. मला फोटोंवरून वाटलं होतं की मोठं चित्र असेल, झालं. पण तिथे डोळ्याला अंतरच कळत नाही. वरून काचेतून दिवसाचा उजेड येतो, आम्ही असताना बाहेर ढग आला आणि चित्रातला समुद्र करडा झाला, ढग गेला तसा परत उजळला. हे मी तीन वेळा होताना पाहिलं. म्हणून एक सल्ला, तासभर तरी थांबा, आणि शक्यतो ढग-ऊन असा दिवस निवडा.

आता आमच्या कामाची गोष्ट. मंडपातच बसून आम्ही हिशोब मांडला. घेर १२० मीटर म्हणजे त्रिज्या साधारण १९ मीटर, उंची १४, म्हणजे मधोमध उभं राहून उभ्या दिशेने जवळपास ४० अंशांचा कोन झाला. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर ५० एमएम लेन्स उभी धरली की बरोब्बर एवढाच कोन येतो! म्हणजे मेस्डाखने जे काढलंय ते आपल्या भाषेत ५० एमएमची एका ओळीची पॅनो आहे, ३० टक्के ओव्हरलॅप (शेजारच्या फ्रेम एकमेकींवर येतात तो भाग) धरला तर १९-२० फ्रेम. हा आकडा निघाल्यावर आम्ही चौघं एकमेकांकडे बघत राहिलो. वाइड लेन्सने काढलेल्या पॅनोत लांबचं सगळं मुंगीएवढं होतं अशी तक्रार आपण कायम करतो, आणि या माणसाने सरळ ते टाळलंय. आभाळ आणि पायाखालचं सोडून दिलंय, जे बघायचंय ते डोळ्याला दिसतं तेवढं ठेवलंय.

आणि तो काचेचा सिलिंडर. माझ्यासाठी सगळ्या ट्रिपचं सार तिथे होतं. मेस्डाखने टेकडीवर काचेचं एक पिंप ठेवलं, त्याच्या आत तो बसला आणि बाहेर जे दिसतंय त्याच्या रेषा थेट काचेवर काढल्या. मग त्यावरून मोठं करून कॅनव्हासवर उतरवलं. विचार करा, आत बसलेल्या माणसाने डोकं जरा इकडे-तिकडे केलं तर जवळची झोपडी आणि लांबचं चर्च यांचं नातंच बदलणार, रेषा जुळणार नाहीत. डोळा एका जागी ठेवून फक्त वळायचं. आपण ट्रायपॉडवर नोडल हेड (कॅमेरा एकाच बिंदूभोवती फिरवणारं डोकं) लावून दुसरं काय करतो? लेन्सच्या समोरून आत बघितलं की जे छोटं भोक दिसतं ते जिथे असल्यासारखं वाटतं तो बिंदू, म्हणजे नोडल पॉइंट, फिरण्याच्या आसावर आणायचा, बस. मंडपातही हे अनुभवता येतं, एका जागी उभं राहून मान वळवा, सगळं खरं वाटतं, चालत चालत बघा, पुढची वाळू आणि मागचं चित्र एकमेकांवरून सरकायला लागतात आणि कॅनव्हास आहे हे लगेच कळतं. हे सरकणं म्हणजेच पॅरॅलॅक्स, तो कोणाला समजावायचा असेल तर त्याला इथे आणून चालवावं.

आत फोटो काढायचे असतील तर जाण्याआधी तिथले नियम आणि वेळा बघून घ्या, ट्रायपॉडचं तर नक्की विचारा, आम्ही हातानेच काढले. हातात कॅमेरा धरून काढताना लोक स्वतःभोवती फिरतात आणि कॅमेरा हातभर लांब गोल फिरतो, तसं करू नका. कॅमेरा जिथे आहे तिथेच ठेवायचा आणि आपण त्याच्याभोवती पावलं टाकायची. कठडा फ्रेममध्ये घेऊ नका, तो दोन हातांवर आणि चित्र लांब, तिथेच जोड फाटतो. कठडा वगळला तर हाताने काढलेलंही छान जुळतं. एक्स्पोजर मॅन्युअल, व्हाइट बॅलन्स लॉक, आणि ढग सरकत असेल तर थांबा, नाहीतर अर्धा समुद्र उजळ आणि अर्धा करडा येईल.

दुसऱ्या दिवशी १ नंबरच्या ट्रामने किनाऱ्यावर. मेस्डाख ज्या सेइनपोस्ट टेकडीवर बसला तिथे आज इमारती आहेत, नावाचा रस्ता आहे, ते १८८१ चं मोकळं दृश्य राहिलेलं नाही. पण चित्र डोक्यात ताजं असताना तिथे उभं राहणं याची मजा वेगळीच. चित्रात सपाट बुडाच्या मच्छीमार होड्या वाळूवर ओढून ठेवल्यात कारण तेव्हा तिथे बंदरच नव्हतं. १८९४ च्या वादळात होड्यांची फार नासधूस झाली, त्यानंतर बंदर बांधलं, ते १९०४ ला सुरू झालं. किनाऱ्यावरचं ते भव्य कुरहाउस १८८५ चं, म्हणजे चित्रानंतरचं. समुद्रात गेलेला पिअर तर १९६१ चा. पण १८७५ चं दीपगृह चित्रातही आहे आणि समोरही. मी मोबाइलवर चित्राचा फोटो उघडून दीपगृह आणि जुन्या चर्चचा मनोरा यांच्यातलं अंतर जुळवत हळूहळू सरकत होतो, आणि एका ठिकाणी दोन्ही जवळपास चित्रातल्यासारखं बसलं. तिथेच ट्रायपॉड लावला.

इथे आमच्याकडून एक चूक झाली ती लिहितो म्हणजे तुमची टळेल. पहिला सेट पूर्ण काढला, हॉटेलवर येऊन लॅपटॉपवर जोडला तर कठड्याचे गज सगळीकडे तुटलेले. नोडल स्लाइड (कॅमेरा पुढेमागे सरकवायची पट्टी) घरून मोजून आणलेली, आकडा बरोबर होता, तासभर कळेना काय झालं. आमच्यातल्या ताई सगळ्यात जुन्या, फिल्मच्या काळापासून पॅनो काढणाऱ्या, त्यांनी फक्त एक प्रश्न विचारला, "अरे, झूम रिंग बघितलीस का?" बघितली, २४ वरून २७ वर सरकलेली, बहुधा बॅगेतून काढताना. झूम बदलला की नोडल पॉइंट बदलतो, मग स्लाइडवरच्या आकड्याला काही अर्थ नाही. आता झूम रिंगवर आणि फोकस रिंगवर कापडी टेपची पट्टी मारल्याशिवाय मी ट्रायपॉडच उघडत नाही. आणि जागेवर एकदा तपासून घ्या, जवळचा एक खांब आणि लांबचा एक खांब एकाच रेषेत आणा, कॅमेरा डावीकडे वळवा, उजवीकडे वळवा, दोघांमधली फट उघडली नाही म्हणजे बरोबर. दोन मिनिटांचं काम आहे.

वाळूत ट्रायपॉड रुततो, विशेषतः ओल्या वाळूत. पाय उघडल्यावर वरून जोर देऊन आधीच दाबून बसवा, मग स्पिरिट लेव्हल बघा, आणि अर्धा सेट झाल्यावर परत एकदा बघा. वारा सतत असतो, मधला दांडा वर काढू नका, कॅमेऱ्याचा पट्टा काढून ठेवा, फडफडतो. खारे तुषार लेन्सवर बसतात, दर सेटनंतर कापडाने पुसा, पण आधी फुंकणीने वाळू उडवून, नाहीतर काचेवर ओरखडा. पोलरायझर अजिबात नको, आभाळात मधेच एक काळपट पट्टा येतो आणि तो नंतर निघत नाही.

सगळ्यात त्रास समुद्राचा. एका फ्रेममध्ये नुसतं पाणी आणि आभाळ असलं की सॉफ्टवेअरला जुळवायला काही सापडतच नाही, लाट पुढच्या फ्रेममध्ये जागेवर नसते, उलट ते लाटेलाच लाट जोडून भलतीकडे फ्रेम नेऊन ठेवतं. यावर आम्ही दोन गोष्टी केल्या. एक तर किनाऱ्याची थोडी वाळू किंवा लाकडी खुंट प्रत्येक फ्रेमच्या तळाला येईल असं बघितलं. दुसरं, क्लिक-स्टॉपवालं (ठरावीक अंशांवर खटक्याने थांबणारं) रोटेटर वापरलं, समजा दर १८ अंशांना एक फ्रेम, २० फ्रेम, मग पीटीगुई किंवा ह्युजिन या फोटो जोडायच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या पाण्याच्या फ्रेमला कोन हाताने लिहायचा आणि जुळवाजुळव फक्त बाकीच्या फ्रेमवर करायची. समुद्र गपचूप जागेवर बसतो. जोडरेषा लाटेच्या फेसातून नेऊ नका, मास्क लावून दोन लाटांमधल्या सपाट पाण्यातून न्या. माणसांचंही तेच, चालणारा माणूस ज्या फ्रेममध्ये पूर्ण आहे तीच ठेवायची. वर-खाली सगळं धरून पूर्ण गोलाकार (स्फेरिकल) काढणार असाल तर १५ एमएम फिशआयने सहा फ्रेम गोल, एक वर, एक खाली पुरतात, आणि गर्दीत हेच बरं, मिनिटभरात उरकतं.

किनारा वायव्येला तोंड करून आहे, सकाळी ऊन पाठीमागून येतं आणि पाणी, होड्या, माणसं सगळं उजळतं, संध्याकाळी सूर्य समोर पाण्यावर. जूनमध्ये सूर्यास्त रात्री दहाच्या सुमारास होतो, त्या हिशोबाने परतीची ट्राम बघून ठेवा. संध्याकाळी काढणार असाल तर ब्रॅकेटिंग (एकच फ्रेम कमी-जास्त एक्स्पोजरने काढणं) हवंच, सूर्याच्या आणि त्याच्या उलट्या बाजूच्या फ्रेममध्ये प्रचंड फरक असतो.

आम्ही चौघं आधी कधी प्रत्यक्ष भेटलो नव्हतो, तरी पहिल्या जेवणापासूनच वर्षानुवर्षांची ओळख असल्यासारखं बोलत होतो, आणि त्याचं कारण या मंडळींची सवय. या क्षेत्रात कोणी काही लपवून ठेवत नाही. जर्मनीतले प्राध्यापक हेल्मुट डेर्श यांनी १९९८ च्या सुमारास पॅनोटूल्स हे फोटो जोडायचं सॉफ्टवेअर लिहून मोफत वाटून टाकलं, ह्युजिन त्यावरच उभं राहिलं, आणि पीटीगुईची सुरुवातही त्याच पॅनोटूल्सचा चेहरा म्हणून झाली. २००४ पासून वर्ल्ड वाइड पॅनोरमा नावाचा उपक्रम सुरू झाला, संपातदिन (दिवस-रात्र सारखे) आणि अयनदिन (सगळ्यात मोठा किंवा लहान दिवस) यांच्या आसपास जगभरातल्या लोकांनी एकाच विषयावर आपापल्या जागेवरून गोल फोटो काढायचे. मी पहिला बरा स्फेरिकल त्यासाठीच काढला, आणि तो वाकडा होता तेव्हा मला न ओळखणाऱ्या माणसाने रात्री बसून माझी फाइल उघडून क्षितिज कसं सरळ करायचं ते पायरी पायरीने लिहून पाठवलं. तो माणूस या ट्रिपला सोबत होता. मी तिथे त्याचे आभार मानले तर म्हणाला, मलाही कोणीतरी असंच शिकवलं होतं.

शेवटच्या दिवशी सकाळी परत मेस्डाखला गेलो, यावेळी कॅमेरे बॅगेतच. ताईंनी चित्रात वाळूवर छत्रीखाली चित्र काढत बसलेली सिन्चे शोधून दाखवली, पहिल्या दिवशी आम्हा कोणाच्याच नजरेला ती पडली नव्हती. तुम्ही जाल तेव्हा दुर्बीण जवळ ठेवा, छोटी असली तरी चालेल, कवायत करणारे घोडेस्वारही तिने चांगले दिसतात. आणि किनारा आणि चित्र दोन्ही करणार असाल तर आधी चित्र, मग किनारा, मग परत चित्र, या क्रमाने करा, त्यासाठी दोन दिवस पुरतात.