विंध्यन खडकांचे वय : तुम्ही विचारलंत म्हणून

मध्य भारतात पसरलेल्या विंध्यन या प्राचीन गाळाच्या खडकांचे नेमके वय किती, हा प्रश्न मला व्याख्यानानंतरच नव्हे तर लग्नसमारंभातही विचारला जातो, आणि मी एकच आकडा सांगत नाही म्हणून विचारणारा हमखास नाराज होतो. सेमरी, कैमूर, रेवा आणि भांडेर हे खडकांचे चार समूह याच क्रमाने खालून वर एकावर एक साचलेले असताना त्या सगळ्यांचा एकच वाढदिवस मी कुठून आणावा?

सेमरीबद्दल मी ठाम बोलतो. 1998 साली तिथे कॅम्ब्रियन काळाला, म्हणजे साधारण 54 कोटी वर्षांपूर्वीच्या काळाला, शोभणारे सूक्ष्म कवचधारी जीवाश्म सापडल्याचे प्रसिद्ध झाले आणि वादंग माजले. पण 2002 मध्ये त्याच समूहातील ज्वालामुखीय राखेतल्या झिरकॉनांनी, म्हणजे ज्यांचे वय मोजता येते अशा खनिजकणांनी, 160 ते 163 कोटी वर्षे वय दिले. राख पडते त्याच वेळी थर साचतो, त्यामुळे हा पुरावा सहजी हलत नाही.

भांडेरपाशी मात्र मी चाचरतो, आणि त्याचे मूळ माझ्या प्रबंधात आहे. भांडेर 100 कोटी वर्षांपूर्वीच साचून झाला होता, असे मी एका प्रकरणात मांडले होते. पन्नाजवळच्या मझगवाँचा किंबर्लाइट, म्हणजे पृथ्वीच्या खोल भागातून आलेला अग्निजन्य खडक, कैमूरला भेदून वर आला आहे आणि त्याचे वय सुमारे 107 कोटी वर्षे आहे. भांडेरच्या खडकांतील पुराचुंबकत्वाची, म्हणजे खडक बनताना त्यात गोठलेल्या पृथ्वीच्या चुंबकत्वाची, दिशा त्याच्याशी जुळते, म्हणून दोघांचा काळ जवळचा मानता येतो. शिवाय भांडेरच्या वालुकाश्मातले सर्वांत तरुण झिरकॉन 100 कोटी वर्षांहून थोडे जुने आहेत. माझ्या मार्गदर्शक सरांनी तिसऱ्या मुद्द्यावर बोट ठेवले. ‘‘वाळूचा कण खडकाहून जुनाच असणार. खडक त्या कणाहून जुना नाही, एवढेच यातून ठरते. तो कितीही तरुण असायला हरकत काय?’’ मी म्हणालो, ‘‘सर, तरुण असता तर एखादा तरी तरुण कण सापडला नसता का?’’ त्यावर त्यांनी शांतपणे विचारले, ‘‘तसे खडक असलेल्या प्रदेशातून नदी आलीच नसेल तर?’’ प्रकरण बदलल्याशिवाय सही मिळणार नव्हती. मी ते बदलले नाही, मुदत टळली, शिष्यवृत्ती संपली आणि प्रबंध पुढे दुसऱ्या मार्गदर्शकांकडे पूर्ण झाला. सरांचा तर्क बिनतोड होता हे मला तेव्हाही कळत होते, आणि राग आजही गेलेला नाही.

तीन पुरावे एकाच दिशेला बोट दाखवतात, असे तेव्हाचा मी म्हणत असे. आज मी त्याला विचारतो की किंबर्लाइट भांडेरला भेदतच नाही आणि वाळूचे कण केवळ कमाल वय सांगतात, मग सगळा भार एकट्या चुंबकत्वावर नाही का येत? तो गप्प बसत नाही, आणि खरे सांगायचे तर मलाही त्याचेच पटते.

2021 मध्ये भीमबेटकाच्या भांडेर वालुकाश्मावर डिकिन्सोनिया या प्राचीन जीवाचा ठसा मिळाल्याचे जाहीर झाले, म्हणजे वय एकदम 55 कोटींवर येऊ लागले. 2023 मध्ये तो ठसा मधमाश्यांच्या कुजलेल्या पोळ्याचा अवशेष असल्याचे दाखवले गेले, तेव्हा मला झालेला आनंद अभ्यासकाला शोभणारा नव्हता. पोळे निघाल्याने तरुण वयाचा एक पुरावा गेला; जुन्या वयाचा नवा पुरावा त्यातून मिळाला नाही. म्हणून भांडेरपुढे मी ‘बहुधा 100 कोटींहून जुना’ असे लिहितो, आणि त्यातला ‘बहुधा’ कोणी सांगितले तरी खोडत नाही.